बिनफवारणीची मेथी

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दीपाला पहिली उलटी झाली. राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या मोरीपाशी चंदना लेकीची पाठ चोळत उभी होती. सातवा महिना, त्यामुळे उलट्या काही नव्या नव्हत्या. दुसरी झाली तेव्हा मात्र दीपाच्या तोंडाला सुटलेली लाळ थांबेना, आणि फाल्गुनातल्या वाऱ्यातही ती घामाने निथळू लागली.

"वेगळं काय खाल्लंस गं?"

"तू दिलंस तेच की. घोळाणा आणि भाकरी."

घोळाणा म्हणजे कच्ची मेथी, शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि तेल. जैनांच्या घरचा, म्हणून बिनकांद्याचा. मेथी गच्चीवरची. दीपा बाळंतपणाला येणार हे ठरलं तेव्हाच चंदनाने जुन्या टबांत माती भरून भेंडी, काकडी, मेथी लावली होती. बाजारची भाजी फवारलेली असते, ती पोटुशा पोरीच्या ताटात येऊ द्यायची नाही, एवढा एकच तिचा हट्ट.

फवारायचं नाही, आणि जीव मारायचाही नाही. रोज सकाळी ती पानांवरच्या अळ्या काडीने करवंटीत घ्यायची आणि मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या रुईवर सोडून यायची. खालच्या मजल्यावरचा राजवीर जिन्यात गाठून चिडवायचा, "वहिनी, लेक माहेरी आणली आणि अळ्या सासरी धाडताय व्हय?"

"थांबा, उद्या तुमच्याच दारात सोडते," असं म्हणून ती पुढे व्हायची. माणूस मनाचा चांगला. टबांसाठी शिरोळच्या आपल्या रानातली माती त्यानेच पोत्यातून आणून दिली होती.

आज सूर्य कलला तशी चंदना घाईने गच्चीवर गेली होती. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, एवढं दीपा माहेरी आल्यावर पाळायची. चंदनाने दोन मुठी मेथी खुडली. एरवी तीन पाण्यांतून काढायची, आज एकाच पाण्यातून काढली. पानांवर अळी एकही नव्हती. गेल्या एकदाच्या, असं मनात येऊन तिला बरंच वाटलं होतं.

आता मोरीपाशी उभ्या उभ्या तिला ते सगळं आठवलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात राजवीर होता. हातात पाण्याची रिकामी बाटली. "वहिनी, आता अळी शोधून दावा. दुपारी तुमचा डोळा लागलाय बघून औषध मारलं. पाप तुमच्या हातनं नको, म्हणलं माझ्या हातनं हुदे. फकस्त आठ दिवस भाजी खुडू नका, तेवढं सांगाय आलतो."

चंदना दारातून बाजूला झाली. मोरीपाशी भिंतीला टेकून बसलेली दीपा त्याला दिसली, आणि शेजारची ताटली, तिला चिकटलेली मेथीची पानं. राजवीरने चप्पल न घालताच गाडीची किल्ली आणायला खाली धाव घेतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी दीपाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"औषध कुठलं?"

"रानातलं. निळ्या डब्यातनं ह्या बाटलीत वतून आणलं."

डॉक्टरांनी बाटली हुंगली. "वासावर भागत नाही. लक्षणं बघून सुरुवात करतोय, पण नाव पाहिजे. पोटात बाळ आहे."

राजवीरने शिरोळला वडिलांना, सयाजीरावांना, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रानातल्या खोपीत ते बराच वेळ खुडबुड करत राहिले. मग म्हणाले, "निळं डबं दोन हायत रं. एकावर कागद हाय. दुसऱ्याचा पुराच्या पाण्यात निघून गेला. तू कुठल्यातलं नेलंस?"

राजवीरचा चेहरा उतरला.

"भावजी, आठवा," चंदना म्हणाली. आवाज चढला नाही.

"खोपीत अंधार हुता, वहिनी. हाताला लागलं ते वतलं."

"माझं पाप घ्यायला निघाला होता की. मग डबा तरी बघून घ्यायचा."

सयाजीरावांनी कागद असलेल्या डब्याचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी नाव वाचलं, मान हलवली. "हे असेल तर उपाय ठाऊक आहे. दुसऱ्यात काय आहे?"

"ते शेजारच्या रानातल्या कृष्णातनं दिलतं," पलीकडून आवाज आला. "त्याचा फोन लागंना. दोन्ही डबं घेऊनच येतो."

नर्सने चंदनापुढे पाण्याचा ग्लास धरला. दिवस मावळून गेला होता; त्यानंतर ती पाणीही घेत नसे. तिने ग्लास घेतला आणि तसाच बाकावर ठेवला.

साडेआठला सयाजीरावांचा पुन्हा फोन आला. निम्मी वाट सरून हातकणंगले मागे पडलं होतं, कृष्णातचा फोन अजून लागत नव्हता. दीपाच्या उलट्या थांबल्या होत्या, बाहुल्या मात्र तेवढ्याच होत्या. बाळाचे ठोके नर्सला ऐकू येत होते. मघापेक्षा संथ.