पाव टाकीचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. रेशनचं नव्हे, लग्नाच्या आमंत्रणाचं तर मुळीच नव्हे. जाड पिवळट कागद, लांबट पाकिटाएवढा आकार आणि अंगभर बारीक चौकोनी भोकं. माझ्या काळी कॉम्प्युटरशी बोलायचं तर अशा भोकांच्या कार्डांचा गठ्ठा त्याच्या तोंडात घालावा लागे. माझ्यापायी एका सरळ माणसावर चोरीचा आळ आला होता. ते लपवून ठेवून मला माझी गोष्ट सांगता यायची नाही.

साल एकोणीसशे बाहत्तर. घाटकोपरच्या एका छोट्या ऑफिसात माणिक नावाची मुलगी नवी लागली होती. मुलुंडची, बी.एस्सी. झालेली, हुशार आणि जरा उतावळी. माहुलच्या एका तेल डेपोला आपल्या आडव्या, पिंपासारख्या गोल टाकीचा तक्ता हवा होता. टाकीत काठी बुडवायची, ती किती भिजली ते पाहायचं आणि आत किती लिटर रॉकेल आहे ते तक्त्यात बघायचं. हा तक्ता छापणारा प्रोग्राम माणिकनं लिहायचा होता.

तिला शिकवायला मार्तंड सर होते. कमी बोलणारे, पण बोलले की ऐकावं असे. ते म्हणाले, "अख्खा प्रोग्राम एकदम चालवू नकोस. लिटर काढणारा तुकडा वेगळा काढ आणि एकट्या त्याला प्रश्न विचार. उत्तरं तू आधी स्वतः काढून कार्डावर लिहायचीस. मशीन त्यानंतर."

माणिकनं चार प्रश्नांची चार कार्डं केली. टाकी रिकामी, पाव उंचीपर्यंत, अर्धी आणि काठोकाठ. पाव उंचीचं ते मी. माझ्या तिघा भावंडांच्या कपाळावर तिनं पेन्सिलीनं उत्तरं लिहिली: शून्य, ७८५४, १५७०८. ती सोपी होती. माझं उत्तर हातानं काढायचं तर दुपार गेली असती, आणि कॉम्प्युटर होता अंधेरीला, दुसऱ्या कंपनीचा. आम्हाला दर गुरुवारी एकच तास मिळायचा. माझं कपाळ कोरं ठेवून ती आम्हाला घेऊन निघाली.

मशीननं तिघांची उत्तरं अगदी तंतोतंत दिली. माझं दिलं ३९२७. "पाव उंची, पाव रॉकेल. बरोबरच की," असं म्हणत माणिकनं तोच आकडा माझ्यावर उतरवला आणि शेजारी बरोबरची खूण केली. प्रोग्राम लिहिताना तिनं हेच धरलं होतं, मग मशीन दुसरं काय सांगणार? ऑफिसात चार खुणा बघून मार्तंड सर खूश झाले. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला सांगू.

तक्ता माहुलला गेला. पंधरा दिवसांनी दुपारच्या वेळी एक कोळीण ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरची रिकामी पाटी तिनं खाली ठेवली.

"ह्यो कागद तुमचाच ना?" तिनं तक्त्याची घडी पुढे केली. खाली ऑफिसचं नाव छापलेलं होतं.

तिचं नाव मंजुळा. तिचा नवरा हरेश्वर डेपोत काठी बुडवून माप घ्यायचा, गेली अकरा वर्षं. तक्त्यानं सांगितलं होतं, टाकीत ३९२७ लिटर आहे. रिकामी करायला घेतली तर साडेआठशे लिटर कमी भरलं. साहेबानं त्याला घरी बसवलं. परवा सोमवारी चौकशी होती.

"गावात रॉकेल विकलं बोलतात. त्यानं जेवन सोडलंय बाय," मंजुळा म्हणाली.

"मावशी, आम्ही हे तपासून दिलंय," माणिक म्हणाली.

"कोनी तपासलं? ती टाकी आडवी हाय. माझ्या या पाटीत बुडाला चार बोट जागेत किती मावरं ऱ्हातं, आनि वर चार बोटांत किती? तूच सांग."

माणिक त्या गोल बुडाच्या पाटीकडे बघतच राहिली. मग तिनं खण उघडला आणि मला बाहेर काढलं. मार्तंड सर मागे येऊन उभे होते.

"हे उत्तर मशीनच्या आधी लिहिलंस की नंतर?"

"नंतर, सर."

"म्हणजे तू मशीनची परीक्षा घेतलीच नाहीस. त्याच्याच वहीतून त्याचा पेपर तपासलास. आणि मी नुसत्या खुणा मोजल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर पहारेकरी होतो, आणि चोराचंच म्हणणं कपाळावर मिरवत पंधरा दिवस पडून होतो.

माणिकनं आलेख-कागद घेतला, कंपासनं टाकीचं गोल तोंड काढलं आणि पाव उंचीला रेघ मारली. मंजुळा शेजारी बसली. रेघेखालचे चौकोन दोघींनी मोजले, अर्धेमुर्धे जोडीनं धरले. उत्तर आलं तीन हजार सत्तरच्या आसपास. मग तिनं नीट सूत्र मांडलं: ३०७१. डेपोत भरलं होतं जवळजवळ तेवढंच. रिकाम्या, अर्ध्या आणि भरलेल्या टाकीला चुकीचा हिशेबही खरं उत्तर देतो, म्हणून माझी भावंडं काही बोलली नव्हती. बोलायचं काम माझं होतं.

तिनं ३९२७ वर एकच आडवी रेघ मारली आणि खाली ३०७१ लिहिलं. सर म्हणाले, "पत्र पाठवू." माणिक म्हणाली, "पत्र पोचेपर्यंत चौकशी होऊन जाईल. मी जाते."

सोमवारी ती मला पर्समध्ये घालून माहुलला गेली. हरेश्वर तिथेच बसला होता. डेपोच्या साहेबासमोर तिनं मला टेबलावर ठेवलं. "चूक माझी आहे. यांचं माप बरोबर होतं." तिनं आकडा न आकडा समजावला. साहेबानं दोनदा मोजून पाहिलं आणि हरेश्वरला म्हणाला, "उद्यापासून ये कामावर."

हरेश्वर उठला नाही. माणिकला वाटलं, आता हा आपल्याला फाडून खाणार.

"बाय, वरचा पन तपासा," तो शांतपणे म्हणाला. "टाकी अर्ध्याच्या वर असली का कागदापरीस जास्ती निघतं. जास्ती निघालं तं कोनी चोर बोलत नाय. म्हनून कोनी बघत पन नाय."

माणिकनं तिथेच कोरं कार्ड मागायचं तेवढं बाकी ठेवलं. डेपोच्या बाकावर बसून तिनं पाऊण उंचीचा हिशेब हातानं केला, १२६३७, आणि घाटकोपरला परतल्यावर पाचवं कार्ड बनवून आधी त्याच्या कपाळावर तो आकडा लिहिला. गुरुवारी सुधारलेल्या प्रोग्रामनं आम्हा पाचही जणांना खरी उत्तरं दिली, तेव्हाच नवा तक्ता छापला.

त्यानंतर प्रोग्रामात एक ओळ जरी बदलली तरी माणिक आम्हा पाचांना पहिल्यापासून पुन्हा चालवायची. पुढे तिच्या हाताखाली नवी मुलं आली. माझे कोपरे दुमडले, मशीन मला ओढून घेताना अडखळू लागलं, म्हणून माझी नक्कल काढून मला खणात ठेवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, एवढंच ऐका. तुम्ही मारलेल्या बरोबरच्या खुणेवर भरवसा ठेवून कोणीतरी काठी घेऊन टाकीवर चढत असतं. त्याला तुमचं नावही ठाऊक नसतं. त्याच्यासाठी तरी उत्तर आधी स्वतः काढा, आणि मग मशीनला विचारा.