पंचांसमक्ष

शुक्रवारची दुपार होती आणि दत्ताराम परब खाकी पँटीची घडी घालत होता. दहिसर पूर्वेला पोलीस ठाण्याच्या कुंपणाला लागून त्याची लाँड्री. ठाण्यातले निम्मे गणवेश त्याच्याकडेच इस्त्रीला येत. हवालदार सहदेव आला, त्याने आपला गणवेश घेतला आणि टेबलावर चार कागद ठेवले.

"दत्ताराम, मार रे सह्या. पटकन."

दत्तारामने हात पुसले आणि चारही ठिकाणी सही केली. कागदावर काय आहे ते त्याने वाचलं नाही. अठरा वर्षांत कधीच वाचलं नव्हतं.

झडतीत पोलिसांना काही सापडलं तर ते दोन तिऱ्हाईत माणसांच्या डोळ्यांदेखत सापडलं पाहिजे, म्हणून पंच लागतात. पोलिसांच्या हातावर सामान्य माणसाची एवढीच काय ती नजर. आणि आपण तिचं काय केलं? ठाण्याजवळचा चहावाला नाहीतर लाँड्रीवाला गाठायचा, सही घ्यायची, झाला पंचनामा! ही रीत इतकी मुरली आहे की कुणाला तिची लाजही वाटत नाही. दत्तारामला तर मान वाटे. चाळीत त्याला पंचकाका म्हणत.

"अजून थोडेच दिवस हा त्रास," सहदेव जांभई देत म्हणाला. "नवीन कायदा येतोय. परवानगीशिवाय मीटिंग घेतली तरी आत, जामीन नाही. घरात घुसायला वॉरंट नको. आणि पंचपण नकोत. आमच्याच दोघांच्या सह्या, बस्स."

"म्हणजे माझी गरज संपली?"

"सुटलास की यार!" सहदेव हसला. त्याची चौदा तासांची ड्युटी झाली होती. वाईट माणूस नव्हता तो, पार दमलेला होता.

संध्याकाळी श्रुतिका त्याच्या घराच्या दारात आली. ती चाळीतच राहते, बालवाडीत शिकवते. या कायद्याच्या मसुद्यावर सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि सोमवार हा शेवटचा दिवस होता. ती चार दिवस घरोघर फिरत होती. लोक 'आपल्याला काय करायचंय' म्हणून दार लावून घेत होते.

"काका, पंच नसले तर काय होतं, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार? अठरा वर्षं बघताय ना तुम्ही."

दत्तारामने तिच्याकडून मसुद्याचा कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचायला लागला. भाकरी थापणारी त्याची बायको जानकी थांबली.

"अगो बाय! आज वाचूक लागलात?"

श्रुतिका गेल्यावर त्याने हरकत लिहायला घेतली. 'मी अठरा वर्षे पंच म्हणून' एवढं लिहून झालं आणि पेन अडलं.

"काय लिवतलात?" जानकी म्हणाली. "कधी काय बघितलात तुमी? धोंडिरामाच्या घरातले ते वीस मोबाइल बघितलात?"

दत्तारामने पेन खाली ठेवलं. धोंडिराम दोन खोल्या सोडून राहायचा, मोबाइल दुरुस्त करायचा. सहा वर्षांपूर्वी पोलिसांनी त्याच्या घरातून वीस चोरीचे मोबाइल काढले. म्हणजे कागदावर काढले. त्याची बायको कुंदा तेव्हा कामावर होती आणि पंच दत्ताराम लाँड्रीत इस्त्री करत होता. आठ महिने आत काढून धोंडिराम जामिनावर सुटला, गावी गेला आणि तिकडेच वारला. खटला उभाच राहिला नाही. कुंदा अजून इथेच आहे. सणाचं पहिलं ताट ती पंचकाकांकडे पाठवते.

"हे लिहिलं तर तिला कळेल," दत्ताराम म्हणाला.

"कळूचाच! आदी कुंदाक सांगा, मगे सरकाराक."

"पोलीस मलाच आत टाकतील, जानकी. लाँड्री जाईल."

"जाऊ दे." जानकीचा आवाज थकलेला होता. "माका तिच्या ताटातला गिळूक जमणा नाय आता."

दत्ताराम कागद घेऊन उठला. कुंदा वाल सोलत बसली होती. तो उंबऱ्यातच थांबला. आत जायची त्याला हिंमत होईना.

"कुंदा, झडतीच्या दिवशी मी तुझ्या घरात आलोच नव्हतो गं. एकही मोबाइल बघितला नाही. सहदेवने कागद पुढे केला, मी सही केली."

कुंदाचे हात थांबले.

"तुमची सही मी वाचली होती, काका. कोर्टाच्या कागदांत होती."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? हे पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होते, मी नाही गं केलं. मी म्हटलं, पंचकाकांनी डोळ्यांनी बघितलंय, ते खोटं कशाला लिहितील? तुरुंगात एकदाही भेटायला गेले नाही मी. गावाहून फोन यायचे, उचलले नाहीत. तुमच्यावर विश्वास ठेवला, काका. घरच्या माणसावर नाही ठेवला."

दत्तारामला रडू फुटलं. कुंदाने त्याला गप्प केलं नाही, आत या असंही म्हटलं नाही. तो उंबऱ्यावर बसला, कागद गुडघ्यावर घेतला आणि अडलेलं वाक्य पुरं केलं. त्याखाली धोंडिरामचं नाव, झडतीचं साल आणि सहदेवचंही नाव लिहिलं. शेवटी लिहिलं, 'मी काहीही पाहिले नव्हते.'

"मोठ्याने वाचा," कुंदा म्हणाली.

त्याने वाचलं. शेजारची दारं उघडली, माणसं गॅलरीत आली.

"पुन्हा वाचा, काका. सगळ्यांनी तेव्हा त्यांना चोर म्हटलंय."