काळ्या मातीचे मापटे

मी एक जुने, पत्र्याचे मापटे आहे, आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर आता माझे डोके फिरले आहे.

नाईलकाठच्या काळ्या मातीच्या गावात, माझा आताचा मालक शहाता याच्या आजोबांनी मला घडवून घेतले. एका वाफ्याला एक मापटे गहू पेरायचा आणि पुढे एकदाच एक मापटे युरिया फेकायचा, अशी त्यांची रीत. ती चिकण माती दिलेले सगळे पोटात धरून ठेवी. एकेका दाण्याला पाच-पाच फुटवे येत. लोक माझे कौतुक करीत आणि मीही फुगून जाई.

मग शहाता बायकोला, इन्शिराहला, घेऊन वाळवंटातल्या नव्या जमिनीवर आला. सोबत मीही आले. निघताना थोरला भाऊ मितवल्ली म्हणाला होता, "जा बाबा. तीन वर्षांत वाळूत गहू पिकला तर मला जेवायला बोलाव. नाही पिकला तर माझी गुरं राखायला ये." ते शहाताच्या जिव्हारी लागले.

पहिल्या वर्षी त्याने आजोबांच्या मापानेच पेरले. वाळूत दाण्याला कसाबसा एक फुटवा आला. शेत टकलावर उरलेल्या केसांसारखे दिसे. दुसऱ्या वर्षी त्याने बी दीडपट केले, ते शहाणपणाचे होते. पण युरिया पुन्हा एकदम फेकला आणि वर फवारे सोडले. पाणी वाळूतून खाली गेले, त्याच्याबरोबर युरियाही गेला. दाट उगवलेला गहू उपाशीपोटी पिवळा पडला. मी खडखडून सांगत होते, पण पत्र्याचे कोण ऐकणार?

तिसऱ्या वर्षी गहू वर आला, तेव्हा इन्शिराहच्या मांडीवर दीड महिन्याची सनिया होती. शहाता मला काठोकाठ भरून निघाला.

"अहो सनियाचे बाबा, हिला महिन्याचं दूध आजच पाजू का?"

"काहीतरीच काय? ओकून टाकेल ती."

"मग वाळूचं पोट काय वेगळं आहे? पाच-सहा वेळा द्या, थोडं थोडं."

"आजोबा एकदाच द्यायचे."

"आजोबांची माती जाणती होती. ही तान्ही आहे."

तो गुरगुरला. इन्शिराहने मला सरळ पत्रेवाल्याकडे नेऊन पाव उंचीचे करून आणले. मला फार दुखले. आणि शहाताने काय करावे? एका दमात मला चार वेळा भरले! मापटे कापता येते, मित्रांनो, सवय कशी कापणार?

इन्शिराहने मला त्याच्या हातातून हिसकावले आणि दोरीने कमरेला बांधले. ओंब्या धरेपर्यंत दर पंधरवड्याला तिने स्वतः युरिया दिला, तोही पावच. कापणीनंतर मितवल्ली जेवायला आला. त्याने पाच भाकऱ्या खाल्ल्या. गुरांचा विषय निघाला नाही.

यंदा सनिया चालू लागली आहे आणि इन्शिराह दिवसभर तिच्यामागे धावते, म्हणून युरिया द्यायला पुन्हा शहाता निघाला. त्याने मला एकदा भरले आणि दुसऱ्यांदा गोणीत हात घातला. तेवढ्यात दारातून सनियाने भोकाड पसरले. शहाता थांबला. त्याने तिच्याकडे पाहिले आणि गोणीचे तोंड बांधले.

तेव्हा मित्रांनो, कुणाला देताना आपले माप पाहू नका, त्याचे पोट पाहा. आणि काम झाल्यावर मला धुऊन ठेवा. एवढ्या वर्षांत शहाताला तेही जमलेले नाही.