चाळीस मीटरचा पट्टा

नवऱ्याला जाऊन सहा आठवडे झाले आणि साहेबांनी त्याची अर्धवट राहिलेली तेलविहीर तिच्याकडे सोपवली. दोघंही एकाच कामातले. विहिरीत सोडलेल्या उपकरणांनी काढलेले आलेख वाचायचे आणि तेल कुठल्या खडकात तयार झालं असेल ते सांगायचं. साहेबांनी चाचरतच विचारलं, जमेल ना? ती हो म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची.

त्यानं आलेखावर चाळीस मीटरचा पट्टा हिरवा रंगवून ठेवला होता. तिथे विद्युतरोधाची आणि ध्वनीची अशा दोन रेघा एकमेकींपासून फटकून गेल्या होत्या. म्हणजे खडकात सेंद्रिय कार्बन भरपूर, असा त्याचा निष्कर्ष. तिनं शेजारची, विहिरीची रुंदी दाखवणारी रेघ पाहिली. नेमकी तिथेच विहिरीची भिंत ढासळली होती. अशा जागी ध्वनीचं उपकरण हमखास फसवतं. नवशिक्यांकडून हे घोकून घेणारा तोच.

फाइलवर तो जायच्या आदल्या दिवसाची तारीख होती. त्या दिवशी छातीत जड वाटतंय म्हणाला होता. तिनं अ‍ॅसिडिटीची गोळी दिली होती.

आता रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. तिनं त्या पट्ट्यातला खडकाचा चुरा तपासायला प्रयोगशाळेत धाडला. आठ दिवसांनी उत्तर आलं. कार्बन अर्धा टक्कासुद्धा नव्हता.

साहेब म्हणाले, अहवालातून त्याचं नाव काढून टाकू, उगाच त्याला बोल नको. तिनं नाव राहू दिलं, पट्टा पुसला आणि खाली सही केली.

घरी सासूबाई वाळलेले कपडे आवरत होत्या.

"त्याचं काम आटोपलं का गं?"

"आटोपलं, आई."

"बरोबर होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यालाही थोडं बळ लागतं, तेवढंही तिच्यापाशी नव्हतं.

"नाही. चुकला होता तो."

सासूबाईंचे हात थांबले.

"घाईच फार मेल्याला," त्या म्हणाल्या. "शाळेतही कधी उत्तर ताडून बघितलं नाही."

‘मेल्याला’ हा शब्द तोंडून गेल्यावर मग त्यांना तो ऐकू आला. त्यांनी चादरीचं एक टोक तिच्यापुढे केलं. तिनं ते धरलं. घडी वाकडी झाली, म्हणून त्यांनी ती मोडून पुन्हा घातली.