टेस्ट ड्राइव्हची गाडी

मित्रांनो, माझं वय ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. मी अवघ्या तीन वर्षांची आहे, आणि तरीही आमच्या शोरूममध्ये सगळे मला 'जुनी' म्हणतात. मी दोन दारांची, ठेंगणी, लांब नाकाची, वेगवान कूपे गाडी आहे. रंग लाल. गिऱ्हाइकाला फिरवून आणायचं आणि माझ्यासारखीच दुसरी कोरी गाडी त्याच्या मनात भरवायची, एवढंच माझं काम.

कारखान्यात ज्या माणसाने माझं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं, त्याने कान लावून ऐकलं आणि तो म्हणाला, "ही काही गप्प बसणारी नाही." त्याचं खरं होतं. गप्प उभं राहणं माझ्या रक्तात नाही, पण नशिबात नेमकं तेच आलं. माझ्याबरोबर ट्रकमधून उतरलेल्या अकरा जणी एकेक करून घरोघरी गेल्या. माझ्या काचेवर मात्र 'चाचणीसाठी' अशी चिठ्ठी चिकटली.

चाचणीची फेरी सहा किलोमीटरची. शोरूमचं फाटक, सिग्नल, शाळेची भिंत, पूल, मग गावाबाहेरचा सरळ रस्ता, आणि तिथल्या पेट्रोल पंपाला वळसा घालून परत. रोज तीच. सरळ रस्त्यावर जरा कुठे श्वास मोकळा होतो न होतो, तोच पंप यायचा. पुढे रस्ता दिसत असायचा, आणि मला वळावं लागायचं. तुम्हाला कोणी धावत्या खेळातून दर पाच मिनिटांनी कान धरून घरी आणलं, तर कसं वाटेल? माझं तसंच व्हायचं. परत आल्यावर इंजिन बंद केलं तरी अंगातली धग निवायची नाही. टिक टिक आवाज करत मी नुसती तळमळत राहायचे.

कौतुकाला तोटा नव्हता. कोणी माझ्या आरशात भांग पाडून बघायचा, कोणी टेकून फोटो काढून घ्यायचा. एका नवीन जोडप्याचं तर "पाळणा कुठे मावेल?" यावरून माझ्या पोटातच भांडण जुंपलं. 'काय गाडी आहे!' म्हणणारे शंभर. पण घेताना सगळे पलीकडच्या उंच, पांढऱ्या, चार दारांच्या गाडीकडे वळायचे.

आमचा सेल्समन चाळिशीचा, गोड बोलणारा. सतत गळ्यातला टाय सारखा करायचा, म्हणून त्याला सगळे 'टायसाहेब' म्हणत. एक दिवस सकाळी काचेचं दार उघडून एक बाई आत आल्या, आणि हा टायसाहेब शाळकरी पोरासारखा ताडकन उभा राहिला.

"बाई, तुम्ही?"

"ओळखलंस? तुला मी दोनदा नापास केलं होतं ना?"

"दोनदा. तिसऱ्यांदा काठावर पास."

बाईंनी पस्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. निम्म्या गावाला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. आता शाळा भाचीच्या हाती सोपवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान आले, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ते शिंपी. गावाला शिकवणाऱ्या या बाईंच्या घरातच तेवढं एकाला स्टेअरिंग धरता येत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "घरात एक सुई पुरे. दोन झाल्या की टोचतात."

"पस्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणत आले," बाई म्हणाल्या. "आता मला पळणारी गाडी हवी. स्वतःसाठी."

बाईंची निवड करण्याची रीत मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझा रंग पाहिला नाही, की वेगाचा आकडा विचारला नाही. आधी सीट पुढे-मागे केली, आरसे लावले, पायाने ब्रेक चाचपला. "पळणं कुणालाही जमतं," त्या म्हणाल्या, "थांबते कशी ते बघू." तोवर टेलरकाकांनी माझ्या सीटची शिवण नखाने खरवडून पाहिली आणि निकाल दिला, "टाके सरळ आहेत. कापड मात्र बेतातच वापरलंय." मग त्यांना मागच्या सीटवर बसावं लागलं. ती सीट म्हणजे नावापुरती. घडी घातलेल्या कोटासारखे ते तिथे मावले.

बाईंनी मला चालवलं, आणि मित्रांनो, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी बोललं! कुठे गिअर उतरवायचा, वळणावर किती भार टाकायचा, सगळं त्या हातांना ठाऊक होतं. पण परत आल्यावर त्या जरा नाराज दिसल्या. "गाडी छान आहे. फक्त हा उजवीकडचा काचेचा खांब जाड आहे. बाजूचं दिसत नाही."

आठवड्याने त्या काकांना घेऊन पुन्हा आल्या. मध्ये दुसऱ्या दोन शोरूममध्ये जाऊन आल्या होत्या. "एक नुसतीच ओरडते," त्या म्हणाल्या. "दुसरीत पडदेच पडदे, रस्ता बघायचा की सिनेमा? आणि खांब तिन्हींचे जाड. हल्ली गाड्या बनवतात तरी कशा!"

"मग हीच घ्या ना," टायसाहेब म्हणाला. त्याने फॉर्म काढूनच ठेवला होता.

"अजून एक फेरी मारू. मग सही करते."

मला वाटलं, झालं! माझ्या बहिणीला चांगलं घर मिळालं. आम्ही निघालो. सिग्नल मागे पडला. शाळेच्या भिंतीपाशी उजवीकडच्या गल्लीतून सायकलवर पोस्टमन आला. मला तो स्पष्ट दिसला. माझ्या आरशामागे एक बारीक डोळा बसवलेला आहे, तो कधी मिटत नाही. मी वाट पाहिली की बाईंचा पाय आता ब्रेकवर येईल, आता येईल. पाय हललाच नाही. मी घंटी वाजवली. तरीही नाही. मग मी स्वतःच ब्रेक आवळले. टायर किंचाळले. पोस्टमन माझ्या नाकापासून हातभर अंतरावरून गेला, त्याची दोन पत्रं खाली पडली.

"बघितलंत बाई?" टायसाहेबाचा आवाज कापत होता, तरी सवयीने तो बोलून गेला, "गाडी आपणहून थांबते!"

बाई खाली उतरल्या, पत्रं उचलून पोस्टमनच्या हाती दिली आणि त्याची माफी मागितली. मग अगदी सावकाश मला शोरूमच्या आवारात आणून उभं केलं आणि टायसाहेबाला म्हणाल्या, "तू खाली उतर. तिकडे उजवीकडे भिंतीपाशी जा आणि हळूहळू माझ्या पुढ्यात चालत ये. मी मान न वळवता सरळ समोर बघते. तू दिसलास की मी हात वर करते."

तो चालू लागला. माझ्या दारासमोर आला, हात वर झाला नाही. चाकापाशी आला, नाही. खांब केव्हाच मागे पडला होता. दिव्याच्या जवळ आला, माझ्या नाकाशी आला, तेव्हा कुठे बाईंचा हात हळूच वर गेला.

"कुठून दिसलो?" त्याने विचारलं.

"तू सांग. खोटं बोलायचं नाही."

फॉर्म त्याच्या खिशात होता. नुसतं 'खांब जाडच आहे हो' एवढं म्हटलं असतं, तर सही झाली असती. त्याने टायला हात घातला, पण सारखा न करता तो सैल केला. "बाई, खांबाचा काही संबंध नाही. तुम्हाला मी अगदी समोर आल्यावर दिसलो."

मागच्या सीटवरून काकांचा बारीक आवाज आला, "अगं, परवा चहाचा कप उजवीकडेच सांडला होता."

"हो. आणि मी तुमच्यावर डाफरले." बाईंनी किल्ली काढून टायसाहेबाच्या हातावर ठेवली. "अशा शिकाऊ माणसाला मी आयुष्यात पास केलं नसतं."

त्यानंतर बाई आल्या नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, रोज थेंब घालायला दिले आणि गाडी चालवणं कायमचं बंद केलं, एवढं टायसाहेबाच्या बोलण्यातून कळलं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी सांभाळायची.

ते महिने मला फार जड गेले. नवीन मॉडेल आलं. मला कोपऱ्यात सरकवलं, अंगावर राखाडी खोळ घातली. बॅटरी उतरली. चाकांना एकाच जागी भार पडून पाय आखडावेत तसं झालं. बाहेर रस्त्यावरून कोणी भरधाव गेलं, की खोळीच्या आत मला आपली चाकं आपणच फिरतात की काय असं वाटायचं. आणि मनात तोच एक विचार घोळत राहायचा. मी थांबले नसते, तर बाईंची गाडी गेली नसती. आणि थांबले नसते, तर पोस्टमन गेला असता. कितीही घोळवला तरी दुसरं उत्तर निघेना.

आठ महिन्यांनी कोणीतरी खोळ ओढली. समोर टेलरकाका! हातात कोरं लायसन्स.

"तीनदा परीक्षा दिली," ते टायसाहेबाला अभिमानाने सांगत होते. "तुझ्या बरोबरीचा झालो. भाची पुढे बसून शिकवायची, आणि ही मागे बसून आम्हा दोघांना शिकवायची."

"अहो, गाडी दाखवायला सांगा," बाई म्हणाल्या. "लायसन्स सगळ्या गावाने पाहिलंय."

माझी बॅटरी भरून झाली, आणि या खेपेला टायसाहेब मागे कोंबला गेला. काका स्टेअरिंग असं धरून बसले, जणू ते कोणी पळवून नेणार होतं. सिग्नल गेला, पूल गेला, आणि चाळीसच्या वर काटा सरकेना. मी आतून उकळत होते. सरळ रस्ता आला. बाईंनी मान पूर्ण वळवून उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग आरशात.

"रस्ता मोकळा आहे. मर्यादा शंभरची आहे. दाबा."

"किती?"

"मी सांगेपर्यंत."

काकांनी डोळे मिटले नाहीत, हीच मोठी गोष्ट. त्यांनी दाबलं. मी झेपावले. पाठी सीटला चिकटल्या, टायसाहेब मागे "आई गं!" म्हणाला, काकाही काहीतरी ओरडत होते. बाई हसत होत्या. अगदी मनापासून, मोठ्याने, थांबायचं नाव नाही. मग पाणावलेले डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता पाय उचला. छान. पास."

त्यांनी मला घेतलं नाही. नवीच गाडी मागवली. काकांनी रंग ठरवायला कापडाचे तेवीस तुकडे आणले होते. त्यातला गडद निळा बाईंनी उजेडाकडे धरून निवडला. ती निळी दारातून बाहेर पडली, तेव्हा खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला.

गेल्या आठवड्यात ती पहिल्या सर्व्हिसिंगला आली आणि दुपारभर माझ्या शेजारी उभी होती. नाकावर मेलेले किडे, चाकांत वाळू, मागच्या सीटवर शिवलेली नवी उशी. मी विचारायच्या आधीच सांगू लागली, "रोज भांडतात गं. हे म्हणतात 'बास', त्या म्हणतात 'अजून'. काल समुद्र पाहिला." मी तिच्या वाळूचा वास घेत राहिले.

मित्रांनो, आता मलाही विकायला काढलं आहे. कोण नेईल, ठाऊक नाही. जो कोणी नेईल, त्याला माझं एवढंच मागणं आहे. माझ्या आरशामागची काच रोज पुसा, कारण धूळ बसली की मीही आंधळीच. पण सगळा भार माझ्यावर टाकू नका. वर्षातून एकदा तुमचे डोळे तपासून घ्या, आणि घरातल्या थोरांनाही हाताला धरून घेऊन जा. ते आधी खांबाला नावं ठेवतील. ठेवू द्यात. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना सरळ समोर बघायला सांगा, बाजूला लांब भिंतीपाशी जा, हळूहळू त्यांच्या पुढ्यात चालत या, आणि तुम्ही कुठून दिसलात ते खरं खरं सांगा.