माती कुणाला द्यायची

शिवाजी पेठेत बाळाप्पा तोडकरांची पिठाची गिरण होती, पण गिरणीमुळं त्यांना ओळखणारे थोडेच. बाळाप्पा म्हणजे पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकवणारे, आणि कुणी बुडालं की ज्यांना बोलावणं जातं ते. नदी असो, विहीर असो, खाणीतलं साठलेलं पाणी असो, पोलीस आधी बाळाप्पांना फोन लावत. ते गिरणीचा पट्टा उतरवायचे, सायकल काढायचे आणि निघायचे. कोल्हापुरात आलेल्या दोन्ही महापुरांत त्यांनी माणसं काढली, काही जिवंत आणि काही मेलेली. काठावर बसून रडणाऱ्या आयांना ते एकच सांगायचे, "मिळंल. घरी घिऊनच जाणार तुमी." आणि मिळायचं.

शिवांजली त्यांची एकुलती एक. चालायला लागली आणि पाठोपाठ पाण्यात उतरली. नदीला पाणी चढलं की पोरं पुलावरनं उड्या मारतात, तिथं तिनं एकदा उडी टाकली तेव्हा बाळाप्पांनी तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती, आणि मग पेठेत आठवडाभर तेच कौतुकानं सांगत फिरले होते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला. एमआयडीसीत दोन-तीन नोकऱ्या करून ती कंटाळली. मग एका परदेशी कंपनीनं माणसं घ्यायला सुरुवात केल्याचं कळलं. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या, त्यांची देखभाल करायची. उंचावर चढायची भीती नको आणि पाण्याची तर मुळीच नको. शिवांजलीला दोन्ही नव्हत्या.

तिची आई शिवम्मा संकेश्वरकडची, बोलण्यात कानडी मिसळणारी. ती म्हणाली, "समुद्रात कसली नोकरी, यवा? जमिनीवर कामं संपली व्हय?"

"जमिनीवर जागा संपलीया, अव्वा," शिवांजली हसून म्हणाली. "जगाला वीज पुरंना. गाड्या विजेवर, कारखाने विजेवर, मोबाईलमागची ती मोठमोठी कॉम्प्युटरची गोडाऊनं विजेवर. तेल-कोळसा किती दिवस जाळणार? आता समद्यांचं लक्ष समुद्रावर हाय. मी पयल्या बॅचला जातो, मागनं रांग लागंल बघ."

 बाळाप्पांना मनातून अभिमान वाटत होता. घाटावर शिकलेली पोरगी युरोपातल्या उत्तर समुद्रावर जाणार, हे त्यांनी गिरणीत दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. ट्रेनिंग झालं आणि पावसाळा सरता सरता ती गेली.

तिकडून ती व्हिडिओ कॉल करायची. केशरी रंगाचा जाड सूट, डोक्याला हेल्मेट, पाठीमागं राखाडी पाणी आणि त्यात नजर पोचेल तिथपर्यंत पांढरे खांब. "अप्पा, हे पाणी आपल्यासारखं न्हाय," ती एकदा म्हणाली. "हात घातला की हाडापर्यंत कळ जातीया." बाळाप्पा म्हणाले, "मग हात घालूच नको की." दोघंही हसले.

जानेवारीत एका दुपारी गिरणीत जोंधळा पडत होता. त्यांचा फोन वाजला तो गिरणीच्या आवाजात ऐकूच आला नाही. शिवम्मा घरातून अनवाणी धावत आली आणि दारात उभी राहिली. तिनं आपला चालू फोन पुढं केला. बाळाप्पांनी फोन कानाला लावला. पलीकडं आदर्श होता, कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातला. त्यानंच शिवांजलीची निवड केली होती.

"काका, शिवांजली पाण्यात पडलीय. शोध चालू आहे."

एवढंच. बाळाप्पांनी जोंधळा तसाच सोडून गिरण बंद केली.

दोन-तीन दिवसांनी आदर्श स्वतः आला. मूळचा इचलकरंजीचा, तिशीतला पोरगा.  घरात पेठेतली माणसं बसली होती, ती उठून बाहेर गेली. आदर्शनं सांगितलं ते असं. बोटीतून पवनचक्कीच्या खांबावर जायला शिडी असते. बोट खांबाला टेकून धरतात आणि माणूस बोटीवरून शिडीवर पाय टाकतो. शिवांजलीनं पाय टाकला आणि त्याच वेळी मोठी लाट आली. बोट मागं सरकली आणि परत येऊन आदळली. ती मधे सापडली. अंगावरचं लाईफ जॅकेट फाटलं आणि ती खाली गेली.

बाळाप्पांनी ऐकून घेतलं. मग कुणीही बुडालं की काठावर नेहमी विचारायचे तेच विचारू लागले.

"खोली किती?"

"चाळीस मीटरच्या आसपास."

"वड हाय?"

"फार ओढ आहे काका. भरती-ओहोटीला दिशा बदलते."

"पाणी किती गार?"

आदर्शनं सांगितलं. बाळाप्पांनी मनात हिशेब केला. आपल्या नदीत बुडालेला माणूस आपणहून वर येतो. आज नाही तर उद्या, परवा. पाणी उबदार असतं म्हणून येतो. एवढ्या गार पाण्यात तो वर येतच नाही. हे त्यांना कळलं आणि त्यांनी शिवम्माकडं बघायचं टाळलं.

"मी येतो तिकडं," ते म्हणाले. "मला नुसतं तिथवर न्या. सूट द्या. बाकी माझं मी बघतो."

"काका, शोध थांबवलाय."

"कवा?"

"काल."

"आन् तुमचं काम?"

आदर्शनं मान खाली घातली. "काम सुरू झालंय."

शिवम्मा इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "म्हंजे ती खालीच हाय आन् वर चक्क्या फिरत्यात?"

आदर्शला रडू आलं. निघताना बाळाप्पा त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. तिथं तो थांबला. "काका, हे मी बोललो असं कुणाला सांगू नका. त्या दिवशी लाटा जास्त होत्या. बोट सोडायलाच नको होती. पण तिकडं कडाक्याची थंडी पडलेली, घराघरात हीटर लागलेले, आणि चार-पाच चक्क्या बंद पडलेल्या. वरनं सारखे फोन येत होते."

"मग ती न्हाय म्हणाली न्हाय?"

"नवीन होती, काका. नवीन माणूस नाही म्हणत नाही."

बाळाप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला मारावं की जवळ घ्यावं ते त्यांना समजेना. ते तसेच परत फिरले.

तोडकर लिंगायत; त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. गेलेल्या माणसाला बसवायचं, तळहातावर इष्टलिंग ठेवायचं, भस्म लावायचं, आणि रुद्रभूमीत मातीच्या पोटात घालायचं. मठाचे स्वामी घरी आले. त्यांनी समजुतीनं सांगितलं, "पोरगी सापडली नसंल तर तिचे कपडे घ्या, लिंग घ्या. विधी करता येतो. तिला वाट मोकळी करून द्या."

शिवम्मा म्हणाली, "कपड्यांना माती दिऊ? कपडं मी धुतलेत, घडी घातलीया. कपडं मेलेत व्हय?"

"शिवम्मा, ऐक की," बाळाप्पा म्हणाले.

"न्हाय ऐकत. साऱ्या गावाच्या पोरांना तुमी काढलासा. माझी तेवढी न्हाय काढली. माती कुणाला द्यायची सांगा मला. कुणाला?"

स्वामी उठून गेले. विधी झाला नाही. बाळाप्पांनी गिरण चालू केली, पण घाटाकडं जाणं सोडलं. शिवम्मा कुणाच्या दारात जाईना. कुणी आलं तर पाणी देऊन आत जाऊन बसे.

उन्हाळ्याच्या तोंडाला पोलिसांचा फोन आला. चिखलीकडचा ज्ञानू नावाचा तरणा माणूस बंधाऱ्यापाशी म्हशी धुवायला उतरला आणि गेला. सकाळपासून शोधत होते. बाळाप्पा म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी बघा," आणि फोन ठेवला. मग गिरणीत उभे राहिले. पीठ पडत राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी पट्टा उतरवला.

काठावर गर्दी होती. ज्ञानूची आई धोंडुबाई चिखलात बसली होती. तिनं बाळाप्पांना बघितलं आणि पदर पसरला. एरवी ते जे सांगायचे ते त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं नाही. ते तसेच पाण्यात उतरले. बंधाऱ्याच्या दगडांपाशी, जिथं पाणी खालून वळसा घेतं, तिथं तिसऱ्या बुडीत त्यांच्या हाताला सदरा लागला. दगडात अडकलेला पाय त्यांनी सोडवला, आणि ज्ञानूला काखेत धरून वर आणलं.

धोंडुबाईनं लेकाला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. त्याच्या केसातली वाळू बोटांनी काढू लागली. मग गुडघ्यावर सरकत आली आणि तिनं बाळाप्पांचे पाय धरले. "देवमाणूस हायसा. माझा ज्ञानू मला दिलासा."

बाळाप्पांनी पाय ओढून घेतले. इतक्या झटक्यानं, की म्हातारी पुढं कलंडली. लोक बघतच राहिले. अंग न पुसताच त्यांनी सायकल उचलली.

घरी आले तेव्हा शिवम्मा तांदूळ निवडत बसली होती. ओले कपडे बघून तिनं ओळखलं. "मिळाला?"

"मिळाला." ते उंबऱ्यावर बसले. ओला सदरा पिळत म्हणाले, "तिचा पोरगा मेला, आन् मला तिचा हेवा वाटला. राग आला मला त्या म्हातारीचा. आता अंघोळ घालंल त्याला, तोंड पुसंल. असा माणूस हाय मी?"

शिवम्मानं सूप बाजूला ठेवलं. "मला रोज येतोय राग," ती म्हणाली. "कुणाच्या बी दारात तिरडी बघितली की येतोय. म्हणूनच कुठं जात न्हाय मी." ती उठली आणि टॉवेल आणून तिनं त्यांचं डोकं पुसायला घेतलं. पोरगी गेल्यापासून दोघं तिच्याबद्दल एकमेकांशी धड बोलले नव्हते. त्या संध्याकाळी बोलले. शिवम्मानं तेव्हा विचारलं, "ती वर येणार न्हाय, हे तुमाला पयल्यापास्नं ठाऊक हुतं न्हवं?" बाळाप्पा म्हणाले, "व्हय." शिवम्मानं मान हलवली. "मला बी ठाऊक हुतं. तुमी माझ्याकडं बघंना, तवाच कळलं."

पुढच्या रविवारी स्वामींना निरोप गेला. कपड्यांना माती द्यायला नाही, पण तिच्या नावानं रुद्रभूमीत एक रोप लावायला शिवम्मा तयार झाली. लावून आल्यावर म्हणाली, "ह्यानं काय हुतंय?" आणि खरंच काही झालं नाही. घरात तसंच रिकामं राहिलं.

मे महिन्यात एक मुलगी गिरणीत आली. हातात दळणाचा डबा नव्हता. राजनंदिनी नाव, मंगळवार पेठेतली. शिवांजलीच्याच कॉलेजची, तिच्यानंतरच्या वर्षाची.

"काका, मला पोहायला शिकवा. पावसाळा सरला की जायचंय."

"कुठं?"

 कुठं ते त्यांना न सांगताच कळलं. कंपनीनं तिकडं आणखी मोठं क्षेत्र घेतलं होतं, किनाऱ्यापासून अजून आत, अजून खोल पाण्यात. यंदा कोल्हापुरातून बरीच पोरं निवडली होती.

"तिथं पोहण्याचा काय बी उपयोग न्हाय, पोरी," बाळाप्पा म्हणाले. "माझ्या पोरीला तुझ्यापेक्षा चांगलं येत हुतं."

"परीक्षेला लागतंय, काका."

"घरात बसायचं, दुसरं काय तरी करायचं."

"काय करू?" ती एकदम तडकली. "दोन वर्षं झाली हिंडतोय. कारखान्यात मुलगी म्हटली की दारातनं परत. तुमी शिकवला न्हाईसा तर दुसरीकडं शिकतो. पण तुमच्यासारखं कोण शिकवंल?"

बाळाप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घाटावर बोलावलं. कित्येक महिन्यांनी पायऱ्यांवर त्यांचं पाऊल पडलं. पाठीखाली हात धरून त्यांनी तिला तरंगायला लावलं, श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. ती पटकन शिकणारी होती, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता खरं शिकवतो ते ऐक. बोट हलत असंल तर शिडीवर पाय टाकायचा न्हाय. सायब काय बी म्हणू दे, ओरडू दे. न्हाय म्हणायचं आन् बसून ऱ्हायचं. म्हणून दाखव."

"न्हाय."

"जोरात."

"न्हाय!" ती ओरडली आणि हसली. मग हसू ओसरलं. "पण काका, पयल्या सहा महिन्यांत न्हाय म्हणणाऱ्याला परत पाठवत्यात. सगळ्यांनाच माहिती हाय."



वरच्या पायरीवर शिवम्मा येऊन बसली होती. कधी आली त्यांना कळलं नव्हतं. तिनं तिथूनच विचारलं, "आई हाय का गं तुला?"

"हाय की, काकू."

"तिला इचारलंस?"

राजनंदिनी ओले केस पिळत राहिली. मग, "ती रडतीया रोज," एवढं म्हणून परत पाण्यात उतरली. बाळाप्पाही तिच्या मागोमाग उतरले, कारण तिला अजून एकटीला सोडण्यासारखं नव्हतं.