समशेर कप्तानाची पेटी

"आली! पेटी आली!"

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दीडशे माणसं एका सुरात ओरडली. शिंगाड्याच्या वेलींपलीकडे, कुणाचा हात लागलेला नसताना, एक काळी पत्र्याची पेटी पाण्यातून वर आली. समशेर कप्तान डोंग्यातून, छोट्या लाकडी होडीतून, एकटाच तिच्यापाशी गेला, पेटीखाली तलवार फिरवून त्याने 'जलसर्प' कापला आणि पेटी काठाला आणली. लोकांनी तिच्यावरून निथळणारं पाणी ओंजळीत धरून चाखलं. खारट! एकोडीपलीकडच्या या टोलीत, मासेमारांच्या वस्तीत, समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण तो खारा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. समुद्र भंडारा जिल्ह्यात आल्याची खात्री पटली.

अंगात बँडपथकाचा जरीचा कोट, पायात गमबूट, एका डोळ्यावर काळी पट्टी. तीनशे वर्षांपूर्वी जहाजं लुटणारा समुद्री लुटारू म्हणे या कप्तानाच्या अंगात यायचा. "हम वो समशेर, जिसको समंदर सलाम ठोके!" असं तो गरजला की अख्खा समंदर नाही, पण अख्खी टोली सलाम ठोकायची. नियम असा, की आजाऱ्याने पेटी वर येईपर्यंत गळाभर पाण्यात उभं राहायचं. आजार पेटीत शिरतो. तोवर तलावात कुणी जाळं टाकायचं नाही.

त्या पौषात कलाबाईचा गोलू उभा होता. नऊ वर्षांचा, खोकला जुना. पेटी सकाळी यायची ती दुपारी आली. पोराचे ओठ निळे पडले होते, तरी बापाने धरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो तापात गेला.

कप्तान कलाबाईला म्हणाला, "रो मत. तेरा बेटा मेरे गलबत पे खलाशी हो गया." कलाबाईने खलाशासाठी नवी बनियन आणून पेटीवर ठेवली. कप्तानाने तीही ठेवून घेतली.

आता पाळी खुशबूची होती. कुंताबाईची ही बारा वर्षांची पोरगी, हिला मिरगी. साकोलीच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी दोन वर्षं झटका आला नव्हता. पण बाप सुखराम कप्तानाच्या पायाशी गेला आणि कप्तानाने गोळ्यांची पाकिटं तलावात भिरकावली. चौथ्या दिवशी खुशबूला दोन झटके आले, जीभ चावली गेली.

"पाण्यात झटका आला तं पोट्टी मरते," कुंताबाई नवऱ्याला म्हणाली.

"नाही पाठवली तं टोली आपल्याले वाळीत टाकते. अन् तू कायले भेऊन राहिली? कप्तान आहे न!"

कुंताबाई जन्मभर पाण्यात मासोळी धरणारी बाई. रडत बसली नाही. पोरीला जिथे उभी करणार ती जागा किती खोल आहे, हे बघायला ती डोंगा घेऊन गेली. बल्लीने, लांब बांबूने, तळ चाचपताना शिंगाड्याच्या वेलीत काहीतरी अडकलं. ओढून पाहिलं तर मिठाचं प्लास्टिकचं पोतं, कापलेल्या दोरीसकट. हाच कप्तानाचा 'जलसर्प'. आत काहीच नव्हतं. पण तोंडाची शिवण जशीच्या तशी. एक टाका उसवलेला नव्हता.

शिवण न उसवता पोतं रिकामं कसं होतं, हे कुंताबाईला कुणी शिकवायला नको होतं. मासोळी खारवायला आणलेलं तिचं स्वतःचं पोतं गेल्या आषाढात गळक्या छपराखाली असंच संपलं होतं. तिने पोतं डोंग्यात ठेवलं. तिला राग आला, आणि स्वतःची लाजही वाटली. त्या दिवशी खारट पाणी तिनेही चाखलं होतं.

ठरल्या दिवशी पाळीवर पुन्हा गर्दी जमली. कप्तानाने हात वर केला. "लाव लडकी को पानी में!"

"थांबा," कुंताबाई पुढे आली. "आज पहिले माहा कप्तान येते. तासाभरापूर्वी बोलावला त्याले."

लोक हसले, सुखरामने डोळे वटारले, पण तिने खुशबूचा हात सोडला नाही. थोड्या वेळाने काठाजवळ तोंड बंद केलेला मासोळीचा रिकामा डबा डुबकन वर आला. बायकांनी चक्क हात जोडले.

"हात कायले जोडता? दोरी ओढ, परसराम!" कुंताबाई ओरडली.

काठावर उभ्या परसराम या तरण्या मासेमाराने दोरी ओढली. डब्याखालून रिकामं पोतं आलं, शिवण शाबूत. "दहा किलो खडा मीठ," कुंताबाई म्हणाली. "मीठ हाये तवर डबा खाली. मीठ विरघळलं का डबा वर. अन् पाणी खारट. यात ना समुद्र हाये ना समशेर. आता याची पेटी काढा."

कप्तान तलवार घेऊन डोंग्याकडे धावला, पण परसराम आधी पोचला. त्याने पेटी वर ओढली, खाली दोन पोती लटकत होती, आतलं मीठ अर्धंच विरघळलेलं. कप्तानाच्या डोळ्यावरची पट्टी ओढाताणीत निघाली. डोळा ठणठणीत होता. पोलीस येईपर्यंत लोकांनी त्याला त्याच पाण्यात गळाभर उभं केलं, आणि कुणाला काही वाईट वाटलं नाही.

कुंताबाईने पदराची गाठ सोडून साकोलीहून आणलेल्या नव्या पाकिटातली गोळी खुशबूला दिली. "मिरगीले गोळी लागते. खोकल्याले डॉक्टर लागते. मीठ मासोळीले लागते."

कलाबाईने पेटीखालचं एक पोतं उचललं. आत हात घालून पाहिला. खालचं मीठ दगडासारखं जमलेलं होतं, विरघळायला दुपार झाली असती. गोलूच्या दिवशी पेटीला उशीर का झाला, ते तिला कळलं.

"मंग माहा गोलू कोणत्या गलबतावर हाये?" तिने विचारलं.

कप्तानाने मान खाली घातली. गोलूच्या बापानेही.

कलाबाईचा प्रश्न दीड महिना उशिरा आला. पोराला पाण्यात उतरवण्याआधी पेटीबद्दल असा एक प्रश्न विचारला असता, तर गोलू आज पाळीवर उभा राहून सगळ्यांबरोबर पेटी बघत असता. तेव्हा पेटी वर येताना दिसली, तर हात जोडण्याआधी एकदा तिच्याखाली काय बांधलं आहे ते बघा. जाळं टाकायला कुणी मनाई केली, तर तिथेच पहिलं जाळं टाका.